पिकअपचा पोलादी बंपर: पाइपापासून प्लेटपर्यंत

अमेरिकेत 1973 च्या मॉडेलांपासून मोटारींना नियम लागला: ताशी 5 मैलांनी समोरून आदळल्यावरही दिवे आणि इंधनव्यवस्था शाबूत राहिली पाहिजे. पिकअप ट्रक या नियमातून वगळले गेले, आजही वगळलेलेच आहेत. त्यांना चॅसीवर बोल्ट केलेला, क्रोम चढवलेला पत्रा पुरे समजला गेला. मागचा बंपर तर कित्येकदा वेगळे पैसे मोजून घ्यावा लागे. ही उणीव वेल्डिंगच्या दुकानांनी जाड पाइप आणि चॅनेल वापरून भरून काढली.

घडण खऱ्या अर्थाने बदलली ती विंचमुळे, म्हणजे बंपरवर बसवलेल्या, रुतलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या यंत्रामुळे. वॉर्न कंपनीची 1974 ची 8274 ही विंच 8,000 पौंड, म्हणजे सुमारे 3,600 किलो ओढते. धडक क्षणात संपते. विंचची ओढ मिनिटभर टिकते आणि बहुधा तिरकी असते. दोर पुलीतून फिरवून परत बंपरच्याच कडीला अडकवला, की बंपरवर जवळजवळ दुप्पट ताण येतो. पाइपाचे कान, म्हणजे कडी अडकवायच्या भोकाच्या पट्ट्या, इथेच फाटतात.

म्हणून प्लेट आली. कवच 4.8 मिमीचे, विंचची बैठक आणि चॅसीचे ब्रॅकेट 6.4 मिमीचे. शॅकलचा (दोर अडकवायच्या U आकाराच्या कडीचा) कान 25 मिमी जाड हवा, आणि तो कवचाच्या खाचेतून आरपार नेऊन दोन्ही बाजूंनी वेल्ड करून मागे ब्रॅकेटला बांधलेला हवा. नुसता दर्शनी बाजूला चिकटवलेला कान ओढ बसताच वेल्डसकट सोलून निघतो.

जाडीवर भाळणारे पुष्कळ. दुप्पट जाडीचा सपाट पत्रा आठपट ताठ होतो हे खरे, पण वजनही दुप्पट होते आणि ते पुढच्या स्प्रिंगांवर बसते. पत्र्याला घड्या मारून पेटी केली तर तोच ताठपणा कमी पोलादात मिळतो. सीएनसी प्लाझ्मा कटर (संगणकाने चालणारे, पोलाद कापणारे यंत्र) आणि प्रेस ब्रेक (पत्र्याला घडी घालणारे यंत्र) छोट्या दुकानांत पोचल्यावर जोडांच्या जागी घड्या आल्या, हे फार चांगले झाले. कोपऱ्याचा जोड बाहेरून ग्राइंडरने सपाट केला आणि आत वेल्डच नसेल, तर उरतो निव्वळ पापुद्रा.

सप्टेंबर 1998 पासून हलक्या ट्रकांनाही पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या झाल्या. त्या उघडणारे सेन्सर धडकेत गाडी मुळात जशी दबते त्यावर जुळवलेले असतात. ब्रॅकेट अवाजवी ताठ असेल तर बंपर तसाच राहतो आणि चॅसीची टोके वाकतात. म्हणून आता चांगल्या ब्रॅकेटला ठरलेल्या जागी दबणारी घडी किंवा खाच देतात.

बोल्टखालची पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला भुकटीचा रंग) मात्र अजूनही दुर्लक्षित राहते. ती दाबाखाली पसरते आणि बोल्ट सैल होतो. तिथला थर खरवडून बोल्ट बसवावा आणि काहीशे किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळावा.