दाट सॅम्पल, लवकर सॉर्टिंग?

'पेशी जितक्या दाट, तितकं सॉर्टिंग लवकर.' बडोद्यातल्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर हा सल्ला कित्येक वर्षं फिरतोय. सॉर्टिंग म्हणजे मिश्रणातून हव्या त्या पेशी मशीनने वेगळ्या करणं; मशीनचं भाडं तासावर असलं की हा सल्ला पटतोही.

पण सॉर्टरमध्ये पेशी लेझरसमोरून एकामागून एक जातात आणि पुढे धार थेंबांत तुटते; हव्या पेशीचा थेंब मशीन वेगळा काढतं. हव्या पेशीला खेटून नको असलेली आली, तर प्युरिटी मोडमध्ये (शुद्धतेला प्राधान्य देणाऱ्या सेटिंगमध्ये) मशीन दोघींना सोडून देतं. म्हणजे दाटी वाढली की वाया जातात त्या हव्या असलेल्याच पेशी.

पडताळा सोपा आहे. थोडं सॅम्पल निम्मं पातळ करा, फ्लो रेट तोच ठेवा आणि स्क्रीनवरचा एफिशियन्सीचा, म्हणजे हव्या पेशींपैकी किती हाती लागतात त्याचा, आकडा पाहा. तो चढला, तर आधीचं सॅम्पल दाटच होतं.

नोझल, म्हणजे धार बाहेर पडते ते छिद्र, पेशीच्या व्यासाच्या निदान पाचपट हवं. लिम्फोसाइटला (एक लहान पांढरी रक्तपेशी) ७० मायक्रॉनचं चालतं. मोठ्या पेशींना १०० लागतं, आणि तिथे दाब व दर सेकंदाचे थेंब दोन्ही कमी, म्हणून सॅम्पल आणखी पातळ.

चिकटलेल्या पेशींच्या गुठळ्या काढायला आयत्या वेळी ३५-४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. मेलेल्या पेशींचा चिकट डीएनए असेल तर डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) वापरा, मात्र ईडीटीए या रसायनासोबत नको; डीएनेजला लागणारं मॅग्नेशियम ईडीटीए बांधून ठेवतं.