‘दौलतजादा’ म्हणजे श्रीमंताचा पोरगा नव्हे

‘शहजादा म्हणजे शहाचा मुलगा, तसा दौलतजादा म्हणजे दौलतीत जन्मलेला, म्हणून बापाचा पैसा उडवणारा.’ ही व्युत्पत्ती कानाला पटते, पण ती चुकीची आहे.

शहजादा, साहेबजादा यांतला ‘जादा’ फारसी, अर्थ ‘जन्मलेला’. दौलतजादातला ‘जादा’ मात्र अरबी ‘जियादा’वरून आला. जादा भाडे, जादा गाडी म्हणताना आपण तोच शब्द वापरतो. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ही गल्लत. ‘दौलत जियादा’ म्हणजे तुमची दौलत वाढो! बक्षीस मिळाल्यावर कलावंतांनी दिलेला हा दुवा. पुढे त्या बक्षिसालाच दौलतजादा म्हणू लागले, आणि मग तमाशावर, नाचगाण्यावर पैसे उधळण्यालाही. व्याकरणही हेच सांगते: माणूस दौलतजादा ‘असतो’ असे आपण म्हणत नाही, तो दौलतजादा ‘करतो’.

अर्थ बिघडला तो देणाऱ्याच्या घरच्या नजरेतून, आणि ज्यांची घरे त्यापायी बुडाली त्यांचा राग खराच होता. पण फडावर नाचणारीसाठी ती कष्टाची कमाई होती, हे कोशातल्या ‘उधळपट्टी’ या एका शब्दात हरवते. संगीतबारीत, म्हणजे लावणी सादर करणाऱ्या कलावंतिणींच्या पार्टीत, आजही फर्माइशीचे पैसे गाणारी, नाचणारी आणि वाजवणारे यांच्यात वाटले जातात.