मुलाखतीनंतर फोन नाही, म्हणजे जागा विकली?

दारव्हा-दिग्रसकडचं पोरगं पुण्यात मुलाखत देऊन आलं अन् महिनाभर फोन आला नाही, की पारावर निकाल लागतो: 'पैसे देणाऱ्याचं काम झालं.' खासगी कंपनीत उशिराचं कारण बहुधा वेगळंच असतं. पगाराच्या खर्चाला वरून मंजुरी लागते, ती रखडते. निवडलेला उमेदवार राजीनामा दिल्यावरही जुन्या कंपनीत ६०-९० दिवस नोटीसवर अडकतो, कधी ऐनवेळी फिरतो. म्हणून दुसऱ्या नंबरच्याला नकारही कळवत नाहीत. (उद्धटपणाच हा, पण लाच नव्हे.) पुढे कागदपत्रांची पडताळणी. मार्कशीटवर 'राऊत', आधारवर 'राउत' निघालं, की फाईल थांबलीच. याच काळात 'दोन हजार भरा, ऑफर लेटर पाठवतो' असा फोन आला, तर तो भामट्याचा समजा.