पथदिवे : वीजबचत आणि सुरक्षितता

रस्त्यावरच्या दिवाबत्तीचे वीजबिल कमी करताना पादचारी आणि वाहनचालक यांची सुरक्षितता कशी राखायची, हा स्थानिक स्वराज्य संस्थांपुढचा जुना प्रश्न. पाणीपुरवठ्याच्या पंपांबरोबर पथदिव्यांचेही बिल मोठे येते, त्यामुळे काटकसरीचा विषय निघाला की नजर खांबाकडे जाते.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे एकाआड एक दिवा बंद ठेवणे. विजेचा खप निम्म्यावर येतो. पण रस्ता निम्मा उजळ राहत नाही, तो पट्ट्यापट्ट्यांचा होतो. उजेडातून काळोखाच्या पट्ट्यात शिरलेले डोळे सरावायच्या आत दुचाकीस्वार खड्ड्यापाशी पोचलेला असतो. ‘आयएस १९४४’ हे भारतीय मानक म्हणूनच नुसती सरासरी सांगून थांबत नाही. मुख्य रस्त्यांवर सरासरी ३० किंवा १५ लक्स (जागेवर पडणारा उजेड मोजण्याचे एकक), कमी रहदारीच्या रस्त्यांवर ४ लक्स उजेड असावा आणि मुख्य रस्त्याच्या सर्वांत अंधाऱ्या जागीही सरासरीच्या किमान ४० टक्के असावा, अशी त्याची अपेक्षा आहे. एकाआड एक दिवे मालवले की आधी हा दुसरा निकष मोडतो.

खरी बचत दिवा बदलल्याने होते. २५० वॅटच्या सोडियम दिव्याच्या जागी साधारण १२० वॅटचा एलईडी पुरतो. शिवाय सोडियमच्या पिवळ्या उजेडात निळी गाडी काळपट दिसते, एलईडीखाली रंग ओळखू येतात. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात देशभर १ कोटी ३० लाखांहून अधिक एलईडी पथदिवे बसले. त्याच वर्षी मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर पांढरे दिवे आले आणि ‘राणीचा हार’ म्हणून ओळखली जाणारी तिथली दिव्यांची माळ फिकी पडली म्हणून ओरड झाली. पुढे तिथे पिवळसर छटेचे एलईडी लागले. वाद सौंदर्याचा होता, पण भगभगीत पांढरा दिवा पावसात ओल्या रस्त्यावर डोळे दिपवतो, हेही विसरू नये.

मध्यरात्रीनंतर दिवे मंद किंवा बंद करण्याचे प्रयोग इंग्लंड-वेल्समध्ये मोठ्या प्रमाणावर झाले. तेथील ६२ स्थानिक संस्थांच्या २०००–२०१३ या काळातील नोंदींच्या अभ्यासात अपघात वा गुन्हे वाढल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. उलट २०१६ साली न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत जादा दिवे लावले, तेव्हा रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, कारण निवांत उपनगर आणि दाटीची वसाहत एका मापाने मोजता येत नाहीत. आणि रात्रपाळीहून एकट्या परतणाऱ्या बाईने अंधार टाळण्यासाठी घेतलेला लांबचा वळसा कुठल्याच गुन्हेनोंदीत उमटत नाही.

महाराष्ट्रातल्या खेड्यांत प्रश्न आणखी उघडावाघडा आहे. २०२१ साली थकबाकीपोटी महावितरणने अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली. जुन्नरसारख्या बिबट्याच्या टापूत उसाला लागून असलेल्या वस्तीवर दिवा नसणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. दुसरीकडे, बटण बंद करायला कोणी फिरकले नाही म्हणून सकाळी दहालाही जळत असलेले दिवे पुष्कळ गावांत दिसतात. तिथे टायमर बसवला, तर बचतीसाठी रात्रीच्या उजेडाला हात लावावा लागत नाही.