वजनकाट्यापासून निसर्गशाळेपर्यंत: निवासी शिबिरांची पार्श्वभूमी

मुलाला निवासी शिबिराला पाठवायचे ठरले की घरात पहिला प्रश्न येतो, तिथे शिकवतात काय? दीडशे वर्षांपूर्वी हे कोणी विचारले नसते. तेव्हा विचारत, पोराचे वजन किती वाढेल?

१८७६ साली झुरिकमधल्या वाल्टर बियोन नावाच्या पाद्र्याने शहरातली ६८ गरीब, अशक्त मुले आपेनझेलच्या डोंगराळ भागात सुट्टीसाठी नेली. कोंदट खोल्या आणि अर्धपोटी राहणे यांनी खंगलेल्या मुलांना काही आठवडे स्वच्छ हवा, पोटभर अन्न आणि हुंदडायला मोकळे रान द्यायचे, एवढाच बेत होता. या सुट्टीतल्या वसाहती पाहता पाहता युरोपभर पसरल्या. पॅरिसमध्ये १८८३ साली एदमाँ कोतिने यांनी त्या सुरू केल्या. तिथे मुलांना निघण्याआधी आणि परतल्यावर काट्यावर उभे करत, छातीचा घेरही मोजत. क्षयावर औषध नव्हते, हवापालट हाच उपचार. त्यामुळे मूल थोडे भरून आले की शिबिर सार्थकी लागले असे समजत, आणि देणगीदारांपुढे ठेवायला तो आकडा बिनतोड होता. न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या इमारतींतली मुले खेड्यांतल्या कुटुंबांकडे राहायला पाठवण्याचा उपक्रम १८७७ साली याच विचाराने सुरू झाला. क्रिमियाच्या किनाऱ्यावर १९२५ साली उघडलेले सोव्हिएत आर्तेक शिबिरही मुळात क्षयाचा धोका असलेल्या मुलांसाठीच होते. सोव्हिएत मुलांच्या पायोनियर संघटनेचे मानाचे ठिकाण ते नंतर झाले.

अमेरिकेत सुरुवात आजारापासून झाली नाही, हौसेपासून झाली. १८६१ साली यादवी युद्ध पेटले होते आणि कनेक्टिकटमधल्या फ्रेडरिक गन यांच्या शाळेतल्या मुलांना सैनिकांसारखे तंबूत राहायचे होते. गन त्यांना घेऊन सुमारे ४० मैल चालत समुद्रकिनारी गेले आणि दोन आठवडे तिथे मुक्काम ठोकला. अमेरिकेतले पहिले संघटित शिबिर म्हणून याच मुक्कामाकडे बोट दाखवतात.

मला मात्र खरा आरंभ वाटतो तो २० वर्षांनंतरचा. अर्नेस्ट बाल्च हा कॉलेजात शिकणारा तरुण. श्रीमंत घरांतली मुले सबंध उन्हाळा हॉटेलांत लोळत घालवतात, हे त्याला बघवेना. १८८१ साली त्याने न्यू हॅम्पशायरमधल्या स्क्वॉम तळ्यातल्या एका बेटावर चोकोरुआ हे शिबिर उभे केले. नोकर ठेवायचे नाहीत, हा पहिला नियम. स्वयंपाक, भांडी, कपडे, होड्यांची देखभाल सगळे मुलांनीच करायचे. बापाच्या पैशाचा तोरा चालू नये म्हणून प्रत्येकाला सारखाच हातखर्च, जास्त हवा असेल तर शिबिरातली कामे अंगावर घेऊन कमवायचा. आठ वर्षांत हे शिबिर बंद पडले, पण ‘आपले आपण करायचे’ हा निवासी शिबिराचा कणा तिथे तयार झाला. बियोनच्या मुलांना हवा हवी होती, बाल्चच्या मुलांना काम. दोन्ही गोष्टी दिवसभर जाऊन संध्याकाळी घरी परतण्याने साधत नाहीत, रात्री तिथेच काढाव्या लागतात. १८८५ साली समनर डडली यांनी वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेतर्फे सात मुलांना घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या एका तळ्याकाठी तंबू ठोकले. ते शिबिर त्यांच्या नावाने आजही चालते. मुलींना मात्र अमेरिकेतल्या अशा शिबिरांत फारशी जागा मिळायला विसावे शतक उजाडावे लागले.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर घेतले, त्याचा पुढचा स्काउट इतिहास सर्वांना ठाऊक आहे. तिथली एक गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. महागड्या खासगी शाळांतली मुले आणि कामगारांची मुले त्यांनी मुद्दाम एकाच तुकडीत घातली होती. वर्गभेदाच्या भिंती पक्क्या असलेल्या त्या समाजात हे वेगळे होते. बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्झमध्ये त्याआधीच, १९०१ साली, पाठीवर पिशवी टाकून रानोमाळ भटकणाऱ्या तरुणांनी आपली संघटना रीतसर उभी केली होती. मोठ्यांच्या देखरेखीविना हिंडायचे, हीच तिची ओढ होती. १९३३ नंतर नाझींनी अशा स्वतंत्र संघटना मोडल्या, पण तंबू, शेकोटी, गाणी आणि गणवेश आपल्या युवक संघटनेसाठी उचलले. घरापासून दूर, रात्रंदिवस एकत्र असलेले मूल फार लवकर घडते. कोणाच्या हाती, यावर पुढचे सगळे अवलंबून. शिबिरांचे गोडवे गाताना हे प्रकरण वगळू नये.

सोबत राहण्यात नेमकी ताकद किती असते, हे एका वेगळ्याच कारणाने तपासले गेले. मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथे २२ मुलांचे उन्हाळी शिबिर भरवले. मुलांच्या दोन तुकड्या केल्या, त्यांच्यात स्पर्धा लावल्या. काही दिवसांत झेंडे जाळण्यापर्यंत आणि एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालण्यापर्यंत मजल गेली. मग पाणीपुरवठा बंद पडल्याचा बनाव केला. तो पुरवठा दोन्ही गटांनी मिळूनच सुरू करायचा होता. हळूहळू वैर निवळले. पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग सापडतो. त्याआधी १९५३ साली केलेला तसाच प्रयोग सोडून द्यावा लागला होता, ते फारसे सापडत नाही. त्या वेळी तुकड्या पाडण्याआधी मुले काही दिवस एकत्र राहिली होती, त्यांची मैत्री जमली होती, आणि काही केल्या ती आपसांत भांडेनात. मला तर फसलेला प्रयोगच जास्त बोलका वाटतो.

या सगळ्यात निसर्ग होता, पण पार्श्वभूमीसारखा. हवा द्यायला, नाहीतर मुलांना कणखर करायला. निसर्गच अभ्यासाचा विषय झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे. ज्या गोष्टी बाहेर प्रत्यक्ष शिकता येतात त्या बाहेरच शिकवाव्यात, असा आग्रह अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ एल. बी. शार्प यांनी धरला. १९४६ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो भागात कुयामाका इथे सहावीची मुले शाळेतर्फेच शिबिरात राहायला जाऊ लागली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्लॅटफर्ड मिल इथे पहिले निवासी क्षेत्र-अभ्यास केंद्र उघडले. ओढ्यातले किडे गाळणीने धरून मोजायचे, मातीचे थर पाहायचे आणि संध्याकाळी नोंदी मांडून बसायचे, असा तिथला शिरस्ता. १९७७ साली जॉर्जियातल्या तिबिलिसी इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टे ठरवताना माहितीच्या बरोबरीने दृष्टिकोन, कौशल्ये आणि प्रत्यक्ष सहभाग यांना स्थान दिले. त्यानंतर पर्यावरण शिबिरे हा स्वतंत्र प्रकार म्हणून रुजला.

आता काट्याच्या जागी प्रश्नावल्या आल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातली सहावीची ५१ मुले पाच दिवस निसर्ग शिबिरात, फोन-टीव्हीच्या एकाही पडद्याविना राहिली. चेहरे आणि हावभाव पाहून भावना ओळखण्याच्या चाचणीत ती, नेहमीच्या दिनक्रमात राहिलेल्या मुलांपेक्षा जास्त सुधारली. मुले थोडी, दिवसही थोडे. शिवाय हा गुण फोन नसल्याचा की पाच दिवस समोरासमोर राहिल्याचा, हे त्यातून वेगळे काढता येत नाही.

२००६ साली आलेला वेल्स आणि लेकीज यांचा अभ्यास आयोजकांना थोडा बोचणारा आहे. सुमारे २,००० प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारले. अकराव्या वर्षाआधी जे रानात हिंडले, तंबूत राहिले, त्यांच्यात मोठेपणी पर्यावरणाची आस्था जास्त दिसली. बालपणी पर्यावरण शिक्षणाच्या कार्यक्रमांत भाग घेतल्याचा मात्र तसा परिणाम दिसला नाही. बांधलेला कार्यक्रम आणि आपखुशीने केलेली भटकंती यांत हा फरक असावा, असे संशोधकांना वाटले. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत व्याख्याने, चित्रफिती आणि प्रश्नमंजुषा भरलेले वेळापत्रक पाहिले की मला हा अभ्यास आठवतो.

शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांनी १९४१ साली वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे ‘आउटवर्ड बाउंड’ सुरू केले, ते तरुण खलाशी बुडत्या जहाजातून तरावेत म्हणून. युद्ध संपले, शिबिरे जगभर पसरली. साहसी शिबिरांवरच्या ९६ अभ्यासांचा १९९७ साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात आउटवर्ड बाउंडची शिबिरे बरीच होती. शिबिरानंतर शिबिरार्थींचा आत्मविश्वास आणि स्वतःवरचा ताबा वाढलेला दिसलाच, पण काही महिन्यांनीही तो ओसरला नव्हता, उलट थोडा वाढलाच होता. एरवीच्या शैक्षणिक उपक्रमांचा गुण परीक्षेनंतर विरत जातो, म्हणून हे लक्षणीय. या शिबिरांत ‘सोलो’ नावाचा एक भाग असतो. शिबिरार्थीला एका ठरावीक जागी काही तास, कधी दोन-तीन दिवस एकटे सोडतात. मार्गदर्शक लांबून लक्ष ठेवून असतात, पण त्या वेळात कार्यक्रम कोणताच नसतो.