मासेमारी बंदीच्या काळात टाकीत उरलेले इंधन

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. या काळात नौका वर ओढून शाकारल्या जातात, जाळ्यांची डागडुजी होते, इंजिने उघडली जातात. टाकीच्या तळाशी उरलेल्या डिझेलकडे मात्र सहसा कोणी वळून पाहत नाही. हंगामाच्या पहिल्याच फेरीत किनारा दिसेनासा झाल्यावर इंजिन आचके देऊ लागते आणि फिल्टर उघडला तर त्यात काळपट, बुळबुळीत गाळ निघतो, तेव्हा दोष बहुधा ‘डिझेल खराब आले’ म्हणून पंपाच्या माथी मारला जातो. वास्तविक बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा नौकेच्याच टाकीत झालेली असते, आणि तिचे मूळ डिझेलपेक्षा पाण्यात असते.

हे पाणी येते कुठून? अर्धवट भरलेल्या टाकीतील हवेतली वाफ रात्री थंड होऊन पत्र्यावर जमते, हे नेहमीचे स्पष्टीकरण चुकीचे नाही, पण हिशेब मांडला तर ते अपुरे पडते. 30 अंश सेल्सिअस तापमानाच्या, वाफेने संपृक्त झालेल्या एक घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम पाणी असते. पावसाळ्यात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात पाच-सहा अंशांचाच फरक पडत असल्यामुळे 1,000 लिटर रिकामी जागा असलेली टाकी रोज जेमतेम 20 लिटर हवा आत-बाहेर करते. त्या हवेतले सगळे पाणी टाकीतच राहिले असे धरले, तरी दोन महिन्यांत ते 40 ग्रॅमच्या पुढे जात नाही. म्हणजेच टाकीतून लिटर-दोन लिटर पाणी निघत असेल, तर संशय झाकणाच्या झिजलेल्या रबरी वायसरवर, उघड्या तोंडाच्या हवा-नळीवर किंवा पावसात ठेवलेल्या कॅनवर घ्यायला हवा. टाकी भरून ठेवावी की रिकामी, यावर बंदरात रंगणाऱ्या वादापेक्षा झाकण नीट बसते की नाही हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते आणि त्या दोहोंच्या सीमारेषेवर सूक्ष्मजीवांची वस्ती सुरू होते. ‘हॉर्मोकोनिस रेझिनी’ या नावाने ओळखली गेलेली एक बुरशी तर इंधनातील हायड्रोकार्बनवरच जगते. जेट विमानांच्या टाक्यांमध्येही तिने पूर्वी बराच उच्छाद मांडला होता. खाद्य वरच्या थरात आणि पाणी खालच्या थरात, अशी तिची दोन्हीकडून सोय होते. तिची तपकिरी-काळी जाळी सुटून फिल्टरमध्ये अडकते, आणि तिच्या सोबतीने वाढणाऱ्या जिवाणूंनी सोडलेली आम्ले टाकीच्या तळाला खड्डे पाडतात. याखेरीज हवेतील ऑक्सिजनमुळे डिझेलमध्ये हळूहळू चिकट राळ तयार होते. पितळ, तांबे किंवा जस्त यांच्या संपर्कात ही क्रिया वेगाने होते, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली टाकी डिझेलला मानवत नाही.

लहान होड्यांच्या बाहेरच्या इंजिनात वापरल्या जाणाऱ्या पेट्रोलची गोष्ट वेगळी आहे. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. 10 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी सामावून घेते, 20 टक्क्यांचे त्याहून जास्त. मर्यादा ओलांडली की मात्र पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन वेगळ्या थराने खाली उतरतात. नळी तळातून इंधन ओढत असेल, तर इंजिनाला नेमका हाच थर मिळतो. वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन अंकही (इंजिनात ठोके न देता जळण्याच्या क्षमतेचे माप) घसरलेला असतो. असे दोन थर झालेले पेट्रोल नवे पेट्रोल ओतून सुधारण्याच्या भरीस पडू नये. ते काढून टाकणेच बरे.

इंधन काढताना घाई करू नये. डिझेलच्या टाकीला तळाशी कॉक असेल, तर नौका एक-दोन दिवस न हलवता, इंजिन न लावता ठेवावी आणि मग तो कॉक हळूच उघडून पहिले लिटर-दोन लिटर काचेच्या बरणीत घ्यावे. तळाशी पाणी, मध्ये काळपट साय आणि वर डिझेल असे थर बरणीत स्पष्ट दिसतात. स्वच्छ डिझेल येऊ लागेपर्यंतचा भाग वेगळ्या ड्रममध्ये जाऊ द्यावा. कॉक नसेल, तर हातपंपाने आधी वरचे चांगले डिझेल उपसावे आणि तळाचा गाळ शेवटी काढावा. तोंडाने नळी ओढून इंधन काढण्याची सवय सर्वत्र दिसते, पण ती जिवावर बेतू शकते. पेट्रोल किंवा रॉकेलचा घोट श्वासनलिकेत उतरला तर फुप्फुसाला गंभीर दाह होतो. अशा माणसाला ओकारी काढायला लावू नये, कारण त्यामुळे तेच इंधन पुन्हा फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

उपसलेल्या डिझेलपैकी बरेचसे वाचवता येते. फक्त ते पुरेसे निवळू द्यावे लागते. पाण्याचा 100 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या व्यासाचा थेंब डिझेलमध्ये एक मीटर खाली यायला साधारण तास घेतो. पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे 10 मायक्रोमीटरच्या थेंबाला तेच अंतर कापायला शंभरपट वेळ, म्हणजे चार दिवस लागतात. रात्रभर ठेवलेला ड्रम सकाळी स्वच्छ वाटला, तरी डिझेलमध्ये धूसरपणा असेल तर पाणी अजून आहे असे समजावे. चार-पाच दिवसांनी वरचे नितळ डिझेल गाळून ताज्या डिझेलमध्ये थोडे थोडे मिसळून वापरता येते. आंबट, वार्निशसारखा वास येणारे किंवा गडद झालेले इंधन मात्र या वाटेने नेऊ नये, कारण इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरमधील फटी काही मायक्रोमीटरच्याच असतात.

मग प्रश्न उरतो तळाच्या गाळाचा आणि गढूळ पाण्याचा. हे पाणी दिसायला साधे असले, तरी त्यात बेंझिनसारखी विद्राव्य विषारी द्रव्ये उतरलेली असतात, म्हणून ते ‘पाणीच तर आहे’ म्हणत खाडीत ओतू नये. डिझेलचा तर समुद्रावर विलक्षण विस्तार होतो. पाण्यावर इंद्रधनुषी रंग दिसायला 0.3 मायक्रोमीटर जाडीचा थर पुरतो. या जाडीने पसरलेले एक लिटर डिझेल 3,000 चौरस मीटरपेक्षा अधिक, म्हणजे पाऊण एकराहून जास्त जागा व्यापते. उघड्या समुद्रात ते बाष्पीभवनाने आणि लाटांमुळे लवकर विरते. खारफुटीच्या चिखलात मात्र खाली ऑक्सिजन नसल्यामुळे त्याचे विघटन रेंगाळते, आणि पाणी गाळून अन्न मिळवणारी कालवे आणि तिसऱ्या हे शिंपले त्याचे अंश शरीरात साठवतात. तवंग घालवण्यासाठी साबणाची पावडर टाकण्याने तो फक्त नजरेआड होतो. तेल पाण्यात अधिक खोल मिसळून तिथल्या जिवांपर्यंत पोहोचते.

भारतात 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले आणि टाकाऊ तेल, टाकीच्या तळाच्या गाळासह, मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया उद्योगाकडे किंवा विल्हेवाट केंद्राकडेच जायला हवे. महाराष्ट्रात तळोजा आणि रांजणगाव येथे अशी केंद्रे आहेत. पाच-दहा लिटर गाळासाठी एकटा मच्छीमार तिथवर जाणार नाही, हे उघड आहे. म्हणून हा गाळ मच्छीमार सहकारी सोसायटीच्या पातळीवर, झाकणबंद ड्रममध्ये, छपराखाली गोळा करणेच व्यवहार्य ठरते. इंजिनाचे जुने ऑइल आणि टाकीचा गाळ एका ड्रममध्ये ओतू नयेत: ऑइलपासून पुन्हा वंगण बनवता येते, पण त्यात पेट्रोल किंवा खारे पाणी गेले की त्याची किंमत पडते आणि प्रक्रियेत आगीचा धोका वाढतो.

टाकी रिकामी झाली म्हणजे ती निर्धोक झाली, असे समजणे सर्वांत घातक असते. पेट्रोलची वाफ हवेत सुमारे 1.4 ते 7.6 टक्के असेल तेव्हाच पेट घेते. भरलेल्या टाकीत वाफ त्याहून दाट असते, तर नुकत्याच उपसलेल्या टाकीत ती नेमकी या पट्ट्यात येऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असल्यामुळे नौकेच्या तळातील कोपऱ्यांतही साचून राहते. डिझेलची टाकी तुलनेने सुरक्षित वाटते, पण वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याला चिकटलेल्या थराची वाफ होऊन तीही फुटू शकते. गळकी टाकी सांधायची असेल, तर ती नौकेतून बाहेर काढून आधी वाफेने किंवा गरम पाण्याने आतून स्वच्छ धुवावी, धुतलेले पाणी गाळाच्या ड्रममध्ये ओतावे, आणि आतील वायू उपकरणाने तपासूनच अनुभवी वेल्डरने काम सुरू करावे.