फुकटच्या गवताचा हिशेब

अमेरिका खंडात मुळात गाय नव्हती. कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ती कॅरिबियन बेटांवर उतरली आणि पुढच्या चारशे वर्षांत दोन्ही अमेरिकांच्या माळरानांवर पसरली. उत्तरेत तिच्यासाठी जागा झाली ती बायसन या रानटी बैलासारख्या प्राण्याची कत्तल झाल्यामुळे, आणि बायसनवर जगणाऱ्या मूळ रहिवाशांना हुसकावल्यामुळे. कोट्यवधींच्या घरातले बायसन १८८० च्या दशकाअखेर जेमतेम हजारभर उरले.

अमेरिकेच्या पश्चिम भागात मोकळी सरकारी जमीन, ना कुंपण ना भाडं. ज्याची गुरं जास्त, त्याचं गवत जास्त. मग हात आखडता कोण घेणार? १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला. आधीच ओरबाडलेल्या माळावर त्या हिवाळ्यात बर्फाचा कडक थर बसला. बायसन डोक्याने बर्फ बाजूला सारून चरतो, गायीला ते जमत नाही. कळपच्या कळप उभ्या जागी मेले. वैरण साठवायची आणि कुंपण घालायची सवय त्यानंतर खरी रुजली. राखीव जंगलांबाहेरच्या सरकारी कुरणांवर परवाना आणि शुल्क यायला मात्र १९३४ चा टेलर ग्रेझिंग कायदा यावा लागला.

ब्राझीलमध्ये हाच खेळ जंगलात झाला. १९६० च्या दशकापासून लष्करी सरकारने अ‍ॅमेझॉनमध्ये कुरणांसाठी करसवलती दिल्या. जंगल साफ केलं की जमीन ‘वापरात आली’, आणि ताबा सांगायला गुरं हा सगळ्यात स्वस्त पुरावा. झाडं पाडायची, वाळली की पेटवायची, राखेत आफ्रिकी ब्रॅकिएरिया गवताचं बी फेकायचं. काही वर्षांत माती दमते, तण माजतं, मालक पुढे सरकतो. मांस हा जवळपास जोडधंदाच म्हणायचा. या तोडीला आडवे आलेले रबर कामगारांचे नेते चिको मेंडेस यांची १९८८ मध्ये हत्या झाली.

उपाय माहीत नाहीत असं नाही. दमलेली कुरणं सुधारणं, आळीपाळीने चराई, गवतात झाडं आणि शेंगावर्गीय चारा. पण एकरी नफा वाढला आणि पहारा नसला, तर तोच नफा नवं जंगल तोडायला प्रवृत्त करतो. म्हणून मला पहारा आधी महत्त्वाचा वाटतो. २००४ नंतर उपग्रहाची नजर, दंड आणि कर्जबंदी एकत्र आली, तेव्हा ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनमधली वार्षिक तोड सुमारे २७,८०० चौरस किलोमीटरवरून २०१२ पर्यंत ४,६०० च्या आसपास आली. पुढे पहारा सैल झाला तशी ती पुन्हा वाढली.

२००९ मध्ये मोठ्या मांस कंपन्यांनी नव्याने तोडलेल्या जमिनीवरची गुरं न घेण्याचं कबूल केलं. पळवाट अशी, की वासरू जन्मतं एका फार्मवर, वाढतं दुसऱ्यावर, पोसलं जातं तिसऱ्यावर, आणि तपासणी मुख्यतः तिसऱ्याचीच होत आली आहे.